दगडाचे माहेर कोणते?

नवी सून घरात आली की आठवड्याच्या आत शेजारणी तिचे माहेर ओळखतात. तिला विचारावेसुद्धा लागत नाही. पुण्याच्या भाजीवाल्यापुढे उभी राहून ती "सांबाराची एक जुडी द्या" म्हणाली, की ही आपल्या विदर्भाकडची, हे कोणीही सांगेल. "स्वयंपाक करून राहिली" म्हणाली, तर प्रश्नच मिटला! माहेर काही कपाळावर लिहिलेले नसते. ते असते बोलण्यात, हाताच्या चवीत, एखाद्या लहानशा सवयीत. सासरी पंचवीस वर्षे काढली तरी ते पुरते पुसले जात नाही.

मैत्रिणींनो, आज मला ज्या पाहुण्याविषयी सांगायचे आहे, त्याचे माहेरही असेच खाणाखुणांवरून ओळखावे लागते. हा पाहुणा म्हणजे आकाशातून पडलेला दगड. तो आला कुठून? मंगळावरून? चंद्रावरून? की आणखी कुठून? आणि एका मुक्या दगडाचा पत्ता हजारो मैलांवर बसलेले शास्त्रज्ञ लावतात तरी कसा? शाळेत मुले हे प्रश्न हमखास विचारतात, आणि घरी आपल्यालाही विचारतात. "बाबांना विचार" म्हणून ते टोलवण्यापेक्षा आपणच समजून घेतले तर काय हरकत आहे?

काटोलची ती दुपार

फार दूर जायला नको. आपल्या नागपूरहून साठेक किलोमीटरवर काटोल आहे, संत्र्यांचे गाव. २२ मे २०१२ या दिवशी भर दुपारी काटोल आणि आसपासच्या परिसरात आकाशातून दगड पडले. मे महिन्यातली ती वेळ म्हणजे आपल्याकडे दारे-खिडक्या लावून कूलरपुढे पडायची! नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी त्या भागातून सुमारे ३० तुकडे गोळा केले. सर्वांत मोठा साधारण एक किलोचा होता. या खात्याचे कार्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवरच आहे, हे अनेकींना माहीत असेल.

असा दगड दिसतो कसा? तुम्ही गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे पाहिले आहेत ना? वरून काळे, करपलेले आणि फोडले की आत पांढरट. तसाच. हवेतून प्रचंड वेगाने येताना वरचा थर वितळतो आणि काळी पातळ साल धरते. आतला दगड मात्र जसाच्या तसा, राखाडी राहतो. गंमत म्हणजे रोडग्यासारखा तो आतून गरम नसतो. वितळलेला भाग उडून जाताना उष्णता बरोबर घेऊन जातो, म्हणून आतपर्यंत आच पोचतच नाही. त्याच्या पोटातला जुना पुरावा त्यामुळेच तर शाबूत राहतो.

तारा तुटत नाही

आधी एक गैरसमज दूर करू या. "तारा तुटला, काहीतरी माग" असे आजीने आपल्याला सांगितले आणि आपण मुलांना सांगतो. सांगायला हरकत नाही, पण तारा काही तुटत नाही. तारा म्हणजे सूर्यासारखा आगीचा गोळा, तो आपल्या अंगणात कसा मावणार? आकाशात क्षणभर चमकते ती उल्का. बहुतेक उल्का वाळूच्या कणाएवढ्याच असतात आणि वरच्यावर जळून जातात. जो दगड जळूनही उरतो आणि जमिनीवर पोचतो, तो उल्कापाषाण.

आता पुढचा प्रश्न : "कोणत्या ग्रहावरून?" येथे उत्तर जरा अनपेक्षित आहे. जगात आजवर नोंदलेल्या ७०,०००हून अधिक उल्कापाषाणांपैकी बहुतेक कोणत्याच ग्रहावरून आलेले नाहीत! मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये लहानमोठ्या खडकांचा एक पट्टा सूर्याभोवती फिरतो. त्यांना लघुग्रह म्हणतात. पूर्वी असे वाटे, की एखादा ग्रह फुटून हे तुकडे झाले असावेत. पण सारे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचे वजन आपल्या चंद्राच्या वीसाव्या हिश्श्याइतकेही भरत नाही. हा फुटलेला ग्रह नव्हे, तर कधी ग्रह होऊच न शकलेला माल आहे. लाडू वळायला घेतले, पण पाक जमला नाही आणि ताटात नुसता चुरा राहिला, तसे म्हणा ना!

मग मंगळाचे दगड? तेही आहेत, पण थोडे, सारे मिळून ४००च्या आसपास. चंद्राचेही आहेत. हे वेगळे काढायचे तर तीन खुणा पाहतात.

पहिली खूण : वय

दगडातील काही द्रव्ये ठरावीक गतीने आपोआप बदलत असतात. किती बदलली हे मोजले, की दगड थिजून किती काळ झाला ते कळते. लघुग्रहांवरून आलेल्या बहुतेक दगडांचे वय ४५० कोटी वर्षांहून अधिक भरते, म्हणजे सूर्यमालेच्या जन्माइतके.

याचे कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. वाटीतली आमटी पाच मिनिटांत गार होते. लग्नघरातले भाताचे मोठे पातेले मात्र तासन्‌तास वाफाळत राहते. लघुग्रह म्हणजे वाटी. ते जन्मानंतर लवकरच गार झाले, त्यामुळे त्यांच्यावरचे दगडही तेवढेच जुने.

आणि इथेच एका भारतीय दगडाने शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारात गया जिल्ह्यातल्या शेरघाटी गावी सुमारे पाच किलोचा दगड आकाशातून पडला. तो गोळा करून जपून ठेवला गेला. १९७०च्या दशकात त्याचे वय मोजले, तर ते निघाले अवघे सतरा कोटी वर्षांच्या आसपास! आपल्याला ते प्रचंड वाटेल, पण दगडांच्या हिशेबात हा अगदी कालचा पोर. शिवाय तो लाव्हा थिजून झालेला होता, आपल्या सीताबर्डीच्या टेकडीच्या काळ्या पाषाणासारखा. म्हणजे सतरा कोटी वर्षांपूर्वीही जिथे ज्वालामुखी जागे होते, अशा मोठ्या घरचा तो होता. वाटीचा नव्हे, पातेल्याचा! चंद्राचे बहुतेक ज्वालामुखी त्याच्या कितीतरी आधी थंडावले होते. शुक्राची हवा इतकी दाट, की तिच्यातून दगड बाहेर उडणे महाकठीण. उरला मंगळ. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरी खूण : घरची कणीक

प्रत्येक दगडात ऑक्सिजन असतो. आपण श्वासात घेतो तोच, दगडात मात्र इतर द्रव्यांशी बांधला गेलेला. त्याचे तीन प्रकार आहेत. गुण सारखे, पण वजन किंचित कमीजास्त. हे तीन प्रकार कोणत्या प्रमाणात मिसळले आहेत, ते प्रत्येक ग्रहाचे आणि लघुग्रहाचे आपापले असते.

हे असे समजा. तुमच्याकडे गव्हात थोडी ज्वारी आणि थोडे सोयाबीन घालून दळून आणतात, शेजारी नुसता गहू दळतात. आता त्या डब्यातल्या पिठाची पोळी लाटा, पुरी तळा, नाहीतर शंकरपाळे करा. रूप बदलेल, पण पिठातले मिश्रण तेच राहील ना? ग्रहावरचा दगड वितळला, थिजला, फुटला तरी त्याच्या ऑक्सिजनच्या मिश्रणाची घरगुती धाटणी बदलत नाही. शिकागोचे रॉबर्ट क्लेटन यांनी १९७०च्या दशकात ही मोजणी रूढ केली.

शेरघाटीच्या दगडाची कणीक पृथ्वीच्या डब्यातली नव्हती, हे यावरून स्पष्ट झाले. पण १९११ साली इजिप्तमध्ये नाखला येथे आणि १८१५ साली फ्रान्समध्ये शासिन्यी येथे पडलेल्या दगडांशी ती जुळली. तीन देशांत तीन वेगळ्या वेळी पडलेली ही भावंडे एकाच घरची निघाली.

चंद्राची गोष्ट याहून मजेची. चंद्राची कणीक जवळजवळ पृथ्वीसारखीच आहे, जणू दोघांचे पीठ एकाच डब्यातले. पण चंद्रावरून अपोलो यानांनी १९६९ ते १९७२ या काळात दगड आणलेले होते. त्यामुळे १९८२च्या जानेवारीत अंटार्क्टिकाच्या बर्फावर एक निराळा दगड सापडला, तेव्हा तो त्या दगडांशेजारी ठेवून चंद्राचाच आहे हे ओळखता आले.

तिसरी खूण : पोटातली हवा

मंगळावरून मात्र कुणी दगड आणला नव्हता. मग तुलना करायची कशाशी? उत्तर मिळाले हवेत.

१९७६ साली अमेरिकेची दोन व्हायकिंग याने मंगळावर उतरली आणि त्यांनी तिथल्या हवेचे घटक मोजून कळवले. पुढे १९७९-८०च्या मोसमात अंटार्क्टिकावर शेरघाटीच्या जातीचा एक दगड सापडला. त्यात काचेचे बारीक थेंब होते. काच का, तर मंगळावर मोठा आघात झाला, खडक क्षणभर वितळला आणि लगेच थिजला. त्या क्षणी भोवतालची हवा काचेत कोंडली गेली. बरणीचे झाकण घट्ट लावावे तशी! त्याच आघाताने दगड इतक्या जोरात उडाला, की मंगळाची ओढ तोडून अवकाशात गेला.

१९८३ साली डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी ती काच तापवून कोंडलेली हवा मोजली. आरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन या वायूंचे प्रमाण व्हायकिंगने कळवलेल्या मंगळाच्या हवेशी जुळले. बरणी उघडली आणि आत माहेरची हवा निघाली! कणीक जुळत असल्याने शेरघाटीच्या दगडाचेही माहेर ठरले. या जातीच्या दगडांना आज जगभर त्या बिहारी गावाच्याच नावाने ओळखतात. पडल्यापासून पत्ता लागेपर्यंत मध्ये ११८ वर्षे गेली होती.

शेरघाटीचे आणि आपल्या महाराष्ट्राचेही एक नाते आहे. व्हिएन्नाच्या गुस्ताव चेर्माक यांना १८७२ साली शेरघाटीच्या दगडात एक वेगळी काच आढळली होती. आघाताने स्फटिकाची काच झालेली. तिला मास्केलिनाइट म्हणतात. शंभर वर्षांनी तीच काच बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या खडकात सापडली. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर उल्कापाषाणाच्या आघातानेच झाले, याचा तो भक्कम पुरावा ठरला. लोणारचा खडकही लाव्ह्याचाच आहे, मंगळाच्या खडकासारखा. मंगळावर आघात झाला की काय होते, हे अभ्यासायला शास्त्रज्ञ लोणारला येतात ते यासाठी. तुम्ही सहलीला गेलात, तर मुलांना केवळ तळे आणि देवळे दाखवून परत फिरू नका!

मग काटोलच्या दगडाचे काय?

काटोलचा दगड मंगळाचा नाही. तो 'एल' जातीचा आहे. लोखंड कमी असलेले म्हणून हे नाव. जगात पडणाऱ्या दगडांत ही जात फार मोठी आहे. म्हणून तो सामान्य असे मात्र म्हणू नका.

२०२१ साली खडगपूरच्या आयआयटीचे सुजय घोष आणि त्यांचे देशी-परदेशी सहकारी यांनी काटोलच्या दगडातल्या बारीक काळ्या शिरा तपासल्या. त्यांत त्यांना ब्रिजमनाइट नावाचे खनिज मिळाले. पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त जर कोणते खनिज असेल तर हेच. पण ते साडेसहाशे किलोमीटरपेक्षा खोल असते. तिथवर कोण पोचणार? तेच खनिज काटोलच्या शेतात आकाशातून आले! अवकाशात दोन खडकांची टक्कर झाली तेव्हा क्षणभर आपल्या हवेच्या दोन लाख पटींहून अधिक दाब पडला आणि ते तयार झाले. आपल्या पायाखाली खोल काय दडले आहे, ते सांगायला वरून पाहुणा यावा, हे नवलच नाही का?

आणि त्याचे माहेर? 'एल' जातीच्या दगडांवर एका मोठ्या टकरीची खूण आहे. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी त्यांचा मूळ लघुग्रह दणकून फुटला. स्वीडनमधल्या तेवढ्याच जुन्या चुनखडीत त्या काळी पडलेले दगड रुतून बसलेले सापडतात. २०२४ साली शास्त्रज्ञांनी या टकरीचा माग मस्सालिया नावाच्या लघुग्रहाच्या कुटुंबापर्यंत नेला. मस्सालियाचा शोध १८५२ सालचा. सूर्यप्रकाश परतवण्याची त्याची तऱ्हा या दगडांशी जुळते, आणि त्याच्या कुटुंबाच्या कक्षाही पृथ्वीकडे दगड पाठवायला सोयीच्या आहेत. तेव्हा काटोलच्या दगडाचे माहेर बहुधा मस्सालिया. 'बहुधा' म्हणायचे, कारण प्रत्येक तुकड्याची जन्मपत्रिका कोणी पाहिलेली नाही.

सगळ्यांचेच माहेर सापडते असेही नाही. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातेत दियोदर भागात एक दगड कडुनिंबावर आदळला आणि दुसरा तुकडा एका घराच्या ओसरीत पडला. तो अगदी दुर्मिळ जातीचा निघाला. या जातीचा संबंध काही अभ्यासक बुधाशी जोडतात, काही एखाद्या लघुग्रहाशी. वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या अंगणात पडला तर?

तुम्ही म्हणाल, हे सारे शास्त्रज्ञांचे काम, आमचा काय संबंध? संबंध असा, की शास्त्रज्ञ काटोलला त्या दुपारी हजर नव्हते. गावकरी होते. दगड आधी हाती लागतो तो शेतात निंदणाऱ्या बाईच्या, अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या, गच्चीवर कुरडया घालणाऱ्या गृहिणीच्या. त्या पहिल्या तासात आपण काय करतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून एवढे ध्यानात ठेवा :

* दगड धुऊ नका, घासू नका, फोडू तर मुळीच नका. त्यातले लोखंड पाण्याने गंजते.

* शक्यतो उघड्या हाताने उचलू नका. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल किंवा कोरी पिशवी वापरा.

* लोहचुंबक लावून पाहण्याचा मोह आवरा. "चिकटला तर उल्का" असे पूर्वी सांगत असत. पण दगडात माहेरच्या चुंबकत्वाची जुनी नोंद असते आणि तगड्या चुंबकाच्या एका स्पर्शाने ती पुसली जाते.

* पडल्याची वेळ, दिशा, आवाज आणि जागा लगेच वहीत लिहून ठेवा. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा.

* तहसील कार्यालयाला किंवा पोलिसांना कळवा आणि दगड भूवैज्ञानिक सर्वेक्षणापर्यंत पोचेल असे पाहा.

देवघरात ठेवावासा वाटला तर? भावना मी समजू शकते. आकाशातून आले ते देवाचे, असे आपल्या मनात येतेच. पण तेल-शेंदराचे पूट चढले, की वरच्या सालीचा पुरावा गेला. नमस्कार करा, आणि नंतर सुपूर्द करा.

सगळेच काळे, जड दगड आकाशातले नसतात, हेही सांगायला हवे. आपल्या भागात तर फसगत फार होते. मनसरकडचा मँगनीजचा दगड काळा आणि चांगलाच जड असतो. लोखंडाच्या भट्टीचा मळही तसाच दिसतो, पण त्यात हवेचे बुडबुडे असतात. खऱ्या उल्कापाषाणात सहसा ते नसतात. कुणी "ही उल्का आहे, घरात ठेवा, लक्ष्मी येईल" म्हणत हजारो रुपये मागू लागला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

आणि आकाशातून पडते ते सारे दगडच असतात, असेही नाही. २ एप्रिल २०२२ची गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते? विदर्भभर लोकांनी आकाशात जळत्या रेघा पाहिल्या. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी लोखंडी चाकासारखे मोठे कडे येऊन पडले. तो चिनी रॉकेटचा अवशेष असावा, असे अभ्यासकांनी सांगितले. असे धातूचे काही पडलेले दिसले, तर मुलांना दूर ठेवा, हात लावू नका आणि पोलिसांना बोलवा. त्यात विषारी इंधनाचे अंश असू शकतात.

१८६५ साली शेरघाटीचा दगड पडताना ज्यांनी पाहिला, ज्यांनी तो सांभाळून पुढे दिला, त्यांना मंगळाचे नाव कधीच कळले नाही. त्यांच्या हयातीत ते कळणे शक्यच नव्हते. त्यांनी तो फोडून वाटून घेतला असता किंवा विहिरीत टाकला असता, तर त्या माहेरची ही ओळख आपल्याला मिळाली नसती. तेव्हा मुलांना आजच सांगून ठेवा : अंगणात असा काळा दगड पडलेला दिसला, तर आधी हाक मारायची आणि मगच जवळ जायचे. आणि फॉइलची गुंडाळी कुठल्या फडताळात आहे, तेही त्यांना दाखवून ठेवा.